चाकोरीच्या बाजूने

मराठी समीक्षेत 'चाकोरीबाहेरचे' हे विशेषण इतक्या सढळ हाताने वापरले जाते की त्यातील 'चाकोरी' हा मूळ शब्द बहुधा कोणी डोळ्यांसमोर आणत नाही. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी मातीत पडलेला चर. पावसाळ्यात चिखलात रुतत, उन्हाळ्यात वाळून कडक होत, वर्षानुवर्षे त्याच मार्गाने गाड्या गेल्यामुळे तो तयार होतो. काव्यसंग्रहाच्या परीक्षणात 'कवी चाकोरी सोडतो' असे लिहिले म्हणजे ती प्रशंसा ठरते. 'चाकोरीबद्ध' म्हटले की लेखकाचा निकाल लागला. साहित्यापुरते हे ठीक असेलही. परंतु जेथे चाक खरे आहे, माती खरी आहे आणि चाकोरी सोडण्याचे परिणामही खरे आहेत, तेथे हे मूल्य टिकते काय, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

त्यासाठी आम्ही एक वरकरणी असाहित्यिक उदाहरण घेत आहोत. ते म्हणजे 'ऑल-टेरेन व्हेइकल', अर्थात एटीव्ही. रुंद, फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसावे तशी दोन्हीकडे पाय टाकून बसण्याची सीट आणि अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल असे हे चारचाकी वाहन. रानवाटांवर आणि डोंगरवाटांवर हिंडण्यासाठी ते विकत घेणारा वर्ग प्रामुख्याने अमेरिकेत आणि कॅनडात आहे. कोणते वाहन घ्यावे, त्यावर काय काय बसवावे, दोहोंत उजवे कोणते, यांविषयी तेथे इंग्रजीत विपुल लेखन होत आले आहे. ते वाचताना आम्हांस आपल्याकडील ग्रंथपरीक्षणांची आठवण होते. तेच तौलनिक तक्ते, तीच विशेषणे आणि निकषांविषयी तेच मौन.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, अशा वाहनाची तुलना दुसऱ्या वाहनाशी करून काही हाती लागत नाही. ती वाटेशी करावी लागते. आणि ही तुलना जो प्रामाणिकपणे करील, तो बहुधा लहान आणि अरुंद वाहन घेईल, त्यावर मोजकेच साहित्य बसवील आणि चाकोरीतूनच जाईल.

१

या वाहनाचा इतिहास फार जुना नाही. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप मंदावतो, तेव्हा विकण्याजोगे काही तरी द्यावे, अशी होंडा कंपनीच्या अमेरिकेतील विक्रेत्यांची मागणी होती. तीतून ओसामू ताकेउची या अभियंत्याने तीन चाकांचे एक वाहन घडवले. 'यूएस-९०' या नावाने ते १९७० मध्ये बाजारात आले आणि लवकरच 'एटीसी-९०' या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याला स्प्रिंगा किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हते. धक्के सोसण्याचे सगळे काम कमी हवेच्या फुगीर टायरांवर सोपवलेले होते. १९७१ च्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर' या चित्रपटात जेम्स बाँड त्यावर बसून वाळवंटातून पळाला आणि खेळणे म्हणून त्याची प्रतिमा पक्की झाली.

ही प्रतिमाच घातक ठरली. या वाहनाची मागील दोन्ही चाके एकाच अखंड आसावर होती. मोटारीत वळताना आतले चाक हळू आणि बाहेरचे चाक वेगाने फिरू देणारी यंत्रणा असते. येथे ती नव्हती. त्यामुळे हँडल वळवले तरी वाहन सरळच जाऊ पाहते. ते वळवायचे तर आधी वेग कमी करून, शरीराचा तोल हलवून एक चाक हलके करावे लागते. म्हणजे हे वाहन हातांनी कमी आणि अंगाने जास्त चालवायचे होते. पोहण्यासारखे ते शिकावे लागते. जाहिरातीने मात्र सांगितले की, बसा आणि निघा.

सुझुकीने १९८२ मध्ये चार चाकांचे वाहन आणले. त्याचा तोल तुलनेने बरा होता. तथापि तीनचाकी वाहनेही विकली जातच राहिली. त्या दशकात अपघातांत शेकडो मृत्यू झाले आणि त्यांत सोळा वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे होते. अखेर १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी व पोलॅरिस या कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत दहा वर्षांचा करार झाला. नवी तीनचाकी वाहने विकणे थांबले. ९० सीसीहून मोठे इंजिन सोळा वर्षांखालील मुलांसाठी विकू नये, असे ठरले. खरेदीदाराला प्रशिक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. आधीच विकली गेलेली तीनचाकी वाहने परत घेण्याची सक्ती मात्र त्यात नव्हती. पुढे २००८ च्या कायद्याने नव्या तीनचाकींची आयात व विक्री बंदच केली आणि सुरक्षेची मानके सक्तीची केली.

हा तपशील देण्याचे कारण असे की, एटीव्हीच्या मालकीची पहिली अट त्यात दडलेली आहे. हे वाहन चालकाच्या शरीराला वाहनाचाच एक भाग मानते. म्हणून ज्याचे वजन, उंची आणि बळ त्या वाहनाला पुरेसे नाही, त्याच्यासाठी ते वाहन कितीही उत्तम असले तरी वाईटच. एकट्यासाठी बनवलेल्या वाहनावर मागे दुसऱ्याला बसवू नये, या नियमाचे कारणही हेच. मागे बसलेला माणूस पुढच्याची हालचाल अडवतो आणि चढावर तोल मागे नेतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला 'वाढत्या अंगाचे' म्हणून मोठ्यांचे वाहन घेऊन देणे, ही कपड्यांच्या बाबतीत काटकसर असेल. येथे तो जिवाशी खेळ आहे.

२

आता तुलनेकडे वळू. परीक्षणांतील तक्ता सहसा इंजिनाच्या आकारापासून सुरू होतो. ४२०, ५७०, ७०० असे चढते आकडे असतात आणि वाचकाने चढत्या क्रमाने प्रभावित व्हावे, अशी अपेक्षा असते. कादंबरीचा मोठेपणा पृष्ठसंख्येने ठरवावा तसा हा प्रकार. वस्तुतः रानवाटेवर वेग ताशी पंधरा-वीस मैलांच्या पुढे क्वचितच जातो. तेथे लागते ती सावकाश, न धसमुसळता चढण्याची आणि त्याहून अधिक म्हणजे सावकाश उतरण्याची क्षमता.

उदाहरणादाखल तीन प्रचलित वाहने घेऊ. होंडाच्या 'रँचर ४२०' मध्ये शक्ती इंजिनापासून चाकांपर्यंत गिअरांनी पोहोचते. पोलॅरिसच्या 'स्पोर्ट्समन ५७०' मध्ये आणि यामाहाच्या 'ग्रिझली ७००' मध्ये ती रबरी पट्ट्याने पोहोचते. पट्ट्याचे वाहन चालवायला सोपे. गिअर बदलण्याचा विचारच करावा लागत नाही. परंतु अवघड चढावर, जड ओझ्यासह वरच्या टप्प्यात वाहन रेटले तर पट्टा तापतो आणि जळतो. पाण्यात भिजला तर घसरतो. गिअरचे वाहन हिसके देते, पण पट्टा तुटून रानात अडकण्याची भीती त्यात नाही. उतारावर थ्रॉटल सोडताच इंजिनाने वेग धरून ठेवावा, हा गुण यामाहाच्या पट्ट्याच्या यंत्रणेत चांगला साधलेला आहे. तो किती मोलाचा आहे, हे ओल्या मुरमाड उतारावर ब्रेक दाबून चाके घसरली की कळते.

दुसरा मुद्दा मागच्या आसाचा. 'रँचर' अखंड आसासह मिळते, तसेच मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या सस्पेन्शनसहही मिळते. पोलॅरिसने १९९६ च्या 'स्पोर्ट्समन'मध्ये स्वतंत्र सस्पेन्शन आणले, तेव्हा लांबच्या फेरीत पाठ न दुखणे ही केवढी सोय आहे, हे लोकांना उमजले. खडकांवरून जाताना पोटाखालचा भागही उंच राहतो. पण अखंड आसाचीही एक बाजू आहे. आडव्या उतारावरून जाताना तसे वाहन कमी कलते, त्यात झिजणारे सांधे कमी असतात आणि ते स्वस्तही पडते. ही दोन उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. दगडधोंड्यांतून दिवसभर जायचे असेल तर एक. शेतावर ओझे वाहायचे आणि कधीमधी रानात जायचे असेल तर दुसरे. प्रश्न न विचारताच 'श्रेष्ठ कोण' हे जाहीर करणारे परीक्षण आम्हांस निरर्थक वाटते.

तिसरा मुद्दा रुंदीचा आणि तो आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. अमेरिकेच्या वनखात्याच्या अनेक वाटा ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठीच आखलेल्या आहेत. एकट्याने बसायची बहुतेक एटीव्ही ४८ इंचांच्या आसपास, म्हणजे या मापात बसणारी असतात. यामाहाच्या 'ऱ्हायनो'ने गेल्या दशकाच्या आधीच शेजारी शेजारी बसून, स्टिअरिंगने चालवण्याच्या वाहनांचा प्रकार रूढ केला होता. पोलॅरिसचे 'आरझेडआर' २००७ मध्ये आले तेव्हा ते मुद्दाम ५० इंचांत बसवलेले होते. २०११ मधील त्याचा नवा अवतार ६४ इंचांचा झाला आणि आज ७२ इंचांचीही वाहने मिळतात. वाहने रुंदावली तशी वाटा रुंद करा, ही मागणी पुढे आली आणि काही ठिकाणी ती मान्यही झाली. वाटेसाठी वाहन, की वाहनासाठी वाट, हा क्रम येथे उलटला. ज्या वाटेच्या अरुंदपणासाठी, दोन्ही बाजूंच्या झाडांच्या जवळिकीसाठी माणूस रानात गेला, तीच वाट त्याच्या वाहनाने रस्ता करून टाकली. परीक्षणातील तक्त्यात रुंदीचा रकाना शेवटी कोठे तरी असतो. आमच्या मते तो पहिला असावा.

वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात हा योग्य क्रम पाहावयास मिळतो. १९ व्या शतकात टग फोर्क नदीच्या दोन काठांवर राहणाऱ्या ज्या दोन घराण्यांचे वैर अमेरिकी लोककथेचा भाग झाले, त्यांच्या नावाने तेथे 'हॅटफील्ड-मकॉय' वाटा आहेत. कोळशाच्या आणि लाकडाच्या कंपन्यांच्या खाजगी जमिनींवरून जाणाऱ्या या वाटांसाठी राज्याच्या विधिमंडळाने १९९६ मध्ये एक प्राधिकरण स्थापन केले. २००० मध्ये वाटा खुल्या झाल्या आणि आज त्यांची लांबी १००० मैलांहून अधिक आहे. जाण्यासाठी परवाना काढावा लागतो, हेल्मेट सक्तीचे आहे, मद्य वर्ज्य आहे. सोप्या वाटेला हिरवा, मध्यम वाटेला निळा आणि अवघड वाटेला काळा असे रंग दिलेले आहेत. खाणी ओसरल्यावर पोरक्या झालेल्या मेटवानसारख्या गावांना या वाटांनी थोडीफार मिळकत दिली. आम्हांस येथे विशेष वाटते ते हे की, प्रतवारी वाहनांची नाही, वाटांची केलेली आहे. वाचकाने आधी वाट वाचावी आणि मग आपण कोण, आपले वाहन कोणते, हे ठरवावे. उत्तम समीक्षा याहून वेगळे काय करते?

३

साहित्य बसवण्याचा प्रश्नही याच दिशेने सुटतो. येथे 'साहित्य' हा शब्द दोन्ही अर्थांनी घेतला तरी चालेल; अलंकार आणि आशय यांचा जुना वाद एटीव्हीच्या सजावटीत पुन्हा उभा राहतो. आमची कसोटी साधी आहे. जे साहित्य अडचणीतून परत येण्यासाठी आहे ते आवश्यक. जे अडचणीत अधिक खोल जाण्यासाठी आहे ते अलंकार.

आवश्यक गोष्टींत पहिले स्थान हेल्मेटचे, डोळे झाकणाऱ्या चष्म्याचे, हातमोज्यांचे आणि घोट्यावर येणाऱ्या बुटांचे. हे वाहनावर बसवायचे नसते, म्हणून याद्यांत ते मागे पडते. त्यानंतर टायर. एटीव्हीच्या टायरात हवा फार कमी, चौरस इंचाला पाच-सहा पौंडांच्या आसपास असते, तर मोटारीत ती तिसाच्या वर. दोन पौंडांचा फरकही वाहनाचे वळण बदलतो. म्हणून कमी दाब अचूक दाखवणारे मापक, पंक्चर काढण्याचे सामान आणि हातपंप या तीन वस्तू जवळ असल्याच पाहिजेत. पट्ट्याचे वाहन असेल तर एक जादा पट्टा आणि तो बदलण्याची हत्यारे. पोटाखाली धातूचा किंवा जाड प्लॅस्टिकचा पत्रा.

मग विंच. वाहनाच्या वजनाच्या किमान दीडपट ओढू शकेल अशी विंच घ्यावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण विंच घेणारे पुष्कळ जण तिच्यासोबतचा रुंद नायलॉनचा पट्टा घेत नाहीत. तारेचा दोर थेट झाडाला गुंडाळला तर तो सालीत रुततो आणि साल भोवताली कापली गेली की झाड मरते. आपली सुटका झाडाच्या जिवावर करून घ्यायची की नाही, हे ठरवणारी वस्तू ती विंच नव्हे, तर तो स्वस्तातला पट्टा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत एक्झॉस्टमध्ये ठिणग्या अडवणारी जाळी असणेही सक्तीचे आहे. कोरड्या गवताला एक ठिणगी पुरते.

अलंकारांत आम्ही उंची वाढवण्याचे किट, दोन-दोन इंचांच्या दातऱ्यांचे चिखलाचे टायर, हवा उंचावरून ओढणारी नळी आणि मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट यांची गणना करतो. उंची वाढली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वाहन आडव्या उतारावर कलंडण्याची शक्यता वाढते. चिखलाचे टायर ओल्या वाटेला नांगरतात. आवाजाविषयी तर काय बोलावे? कॅलिफोर्नियासारख्या राज्याने अलीकडच्या वाहनांसाठी ९६ डेसिबलची मर्यादा घातली, तीही कमी नव्हे. एक वाहन मैलभर परिसरातील प्रत्येकाची शांतता एकट्याच्या नावावर करून घेते. रानवाटा बंद व्हाव्यात, असे इतरांना वाटू लागण्याचे एक मोठे कारण हा आवाज आहे. अलंकार अर्थाला मारक ठरतो, याचे याहून ढळढळीत उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

४

मालकी ही खरेदीने सुरू होते आणि देखभालीने सिद्ध होते. रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' (१९७४) आपल्याकडील विद्यार्थ्यांनी तत्त्वज्ञानाचे पुस्तक म्हणून वाचले. त्याच्या शीर्षकातील शेवटच्या शब्दाकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. त्यात एक प्रसंग आहे. निवेदकाच्या मित्राच्या महागड्या मोटारसायकलचे हँडल सैल झालेले असते. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी मध्ये घालून ते घट्ट करता येईल, असे निवेदक सुचवतो. परंतु आपल्या यंत्राला असले काही लावायचे या कल्पनेनेच मित्र दुखावतो. त्याला यंत्राचा उपभोग हवा आहे, यंत्राचा परिचय नको आहे.

रानवाटेवर हा परिचय ऐच्छिक राहत नाही. मागे धुळीत चालणाऱ्या वाहनाचा एअर फिल्टर एका दिवसात भरतो. तो धुऊन, वाळवून, तेल लावून परत बसवला नाही तर धूळ इंजिनात जाते आणि सिलिंडर झिजतो. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचे तेल पांढुरके झाले आहे काय, हे पाहावे लागते. रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळला तर इंजिन तापते. होंडाचे १९८८ ते २००० या काळातील 'फोरट्रॅक्स ३००' त्याच्या दीर्घायुष्यासाठी आजही नावाजले जाते. त्यात चकित करणारे काही नव्हते. उघडता येण्याजोगे, समजण्याजोगे आणि म्हणून सांभाळता येण्याजोगे ते यंत्र होते. वापरलेले वाहन घ्यायचे असेल तर किलोमीटरच्या आकड्यापेक्षा एअर फिल्टरचे झाकण उघडून पाहावे. पहिल्या मालकाचे चारित्र्य तेथे लिहिलेले असते.

आणि फेरीनंतर वाहन धुणे, हेही स्वच्छतेपुरते नाही. टायरांच्या खाचांत अडकलेली तणांची बीजे एका रानातून दुसऱ्या रानात याच मार्गाने जातात. ज्यास हे सारे नकोसे वाटते, त्याने वाहन विकत न घेता भाड्याने घ्यावे, असे आम्ही स्पष्टपणे सुचवू.

५

येथपर्यंत वाचणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाच्या मनात एक आक्षेप तयार झाला असेल. मुळात रानात यंत्र न्यावेच कशाला? एडवर्ड अ‍ॅबी यांनी 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) मध्ये राष्ट्रीय उद्यानांतून मोटारी हद्दपार करण्याची मागणी केली, तेव्हा एटीव्ही जन्मलेलीही नव्हती. त्याआधी लिओ मार्क्स यांनी 'द मशीन इन द गार्डन' (१९६४) मध्ये अमेरिकी साहित्यातील उद्यान आणि यंत्र यांचा ताण उलगडला होता. आपल्याकडे गो. नी. दांडेकरांसारख्यांनी दुर्गभ्रमणाचे जे लेखन केले, ते पायी चालणाऱ्याचे लेखन आहे. डोंगर पायांनीच वाचावा, ही निष्ठा आमच्याही मनात आहे.

तरीही हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य नाही. ज्याचे गुडघे गेले आहेत, ज्याला एक पाय नाही, ज्याची गुरे पाच मैलांवरच्या कुरणात आहेत, त्याला चालण्याचे सौंदर्यशास्त्र सांगणे हा उद्धटपणा होईल. एटीव्ही हे पुढे शेतकऱ्यांचे, पशुपालकांचे आणि वनरक्षकांचे वाहन म्हणूनही रुजले, हे विसरता कामा नये. पायी चालणारे वाट झिजवत नाहीत, असेही नाही. प्रश्न यंत्र असावे की नसावे हा नाही. यंत्राने कोठे थांबावे, हा आहे.

त्याचे उत्तर अमेरिकेने सावकाश शोधले. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या १९७२ च्या आणि कार्टर यांच्या १९७७ च्या आदेशांनी सार्वजनिक जमिनीवरील अशा वाहनांना बंधने घालण्यास आरंभ केला. २००५ मध्ये वनखात्याने नियमाची दिशाच बदलली. तोपर्यंत पुष्कळ वनांत जेथे मनाई नाही तेथे जाण्याची मुभा होती. आता नकाशात जी वाट वाहनांसाठी नेमलेली आहे, तेथेच जायचे. याला स्वातंत्र्याचा संकोच म्हणणारे अनेक होते आणि आहेत. युटाच्या वाळवंटाकडे पाहिले की मात्र या नियमाचा अर्थ कळतो. तेथील मातीवर सूक्ष्म जीव, शेवाळे आणि दगडफुले यांची एक काळसर, खडबडीत खपली असते. ती माती धरून ठेवते आणि तिला नत्र पुरवते. एका चाकाचा एकच फेरा ती खपली मोडतो आणि ती पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. 'मी एकदाच तर गेलो' हे वाक्य तेथे बचाव ठरू शकत नाही. दुसरा माणूस तो माग पाहतो आणि त्याला ती वाट वाटते.

चिखलाचे उदाहरण याहून बोधक आहे. वाटेत पाण्याचे डबके आले की वाहन आणि कपडे जपणारा सभ्य माणूस कडेने वळसा घालतो. त्याच्या मागचा आणखी थोडा बाहेरून. महिन्याभरात एक वाट तिप्पट रुंद होते आणि दोन्हीकडची झुडपे जातात. म्हणून जाणते चालक सांगतात की, डबक्याच्या मधोमध, असलेल्या चाकोरीतूनच सावकाश जा. आणि वाट फारच ओली असेल तर त्या दिवशी जाऊच नका. चाकोरी सोडणारा येथे बंडखोर नसतो. तो फक्त आपले बूट वाचवत असतो. पुष्कळदा साहित्यातही हेच घडते, असे आम्ही नम्रपणे सुचवतो.

६

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे मानण्याचे कारण नाही. रस्त्यावर चालवण्यासाठी या वाहनांची आपल्याकडे सहसा नोंदणी होत नाही, म्हणून ती घरोघरी दिसत नाहीत. पण अलिबागजवळच्या किनाऱ्यांवर, लोणावळ्याच्या आसपास आणि पर्यटनाच्या अशाच ठिकाणी ती भाड्याने मिळतात. पाच-दहा मिनिटांचा फेरा असतो, हेल्मेट असलेच तर एकाच मापाचे असते आणि पुढे लहान मूल बसवलेले असते. आमच्याकडे हे वाहन त्याच्या इतिहासाशिवाय आले आहे. १९७० ची जाहिरात आली. १९८८ चा धडा आला नाही.

वेळास आणि आंजर्ले येथे सागरी कासवे ज्या वाळूत अंडी घालतात, तशाच वाळूचे किनारे कोकणपट्टीवर इतरत्रही आहेत. सह्याद्रीतील कातळसडे, ज्यांपैकी कास २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाले, वरवर ओसाड दिसतात. पण तेथील बोटभर मातीत पावसाळ्यानंतर जे उमलते त्याला एक टायर पुरेसा आहे. 'येथे तर काहीच नाही, फिरवा गाडी' असे जेथे वाटते तेथेच बहुधा सर्वांत नाजूक काही तरी असते. म्हणून या वाहनांना सरसकट बंदी किंवा सरसकट मोकळीक यांपैकी एक निवडण्यापूर्वी आपण वाटा नेमाव्यात, त्यांना प्रत द्यावी, वयाची आणि हेल्मेटची अट पाळावी आणि सडे व कासवांचे किनारे पूर्णतः वगळावेत, असे आमचे मत आहे. वाट आधी आखली गेली तर वाहन कोणते असावे, हे आपोआप ठरेल. वाहने आधी आली तर वाटेचे काय होते, ते सांगण्यास मराठीत 'वाट लागणे' हा वाक्प्रचार तयारच आहे.

चाकोरी ही एकाची निर्मिती नसते. आपल्या आधी गेलेल्यांनी कोठे चढ सोसवतो, कोठे माती खचते, कोठून पाणी वाहते, हे अनुभवाने ठरवून ती पाडलेली असते. तिच्यातून जाणाऱ्याला नवे काही दिसत नाही, हा समज आळशी आहे. वळण तेच असले तरी ऋतू तोच नसतो आणि चालकही तोच नसतो. साहित्याच्या वर्गात 'चाकोरीबाहेरचे' असे पुढच्या वेळी कोणी म्हणेल, तेव्हा चाकोरी सोडून तो लेखक नेमका कोणत्या जमिनीवरून गेला आणि तेथे काय उगवलेले होते, एवढे विचारण्याचा प्रघात पडला तरी आम्हांस पुरेसे आहे.